चौदा कॅरेट

गणेशपुरीला आम्ही आंघोळीला निघालो होतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण त्या रविवारी सकाळी कल्याणच्या आमच्या घरात कुणी डोकावलं असतं तर वरात जिन्यापर्यंत आलीय अशी त्याची खात्री पटली असती. कपाटाचा आतला खण उघडा, पलंगावर सात-आठ डब्या, डब्यांतून निघालेले सराफी गुलाबी कागद पंख्याच्या वाऱ्यावर घरभर उडताहेत, आणि आरशासमोर आमचं कुटुंब एका कानात कुडी आणि दातांत फिरकी अशा अवस्थेत उभं.

"अगं, गरम पाण्याच्या कुंडात उतरायचंय. तिथे हे सगळं काढायचंच ना?"

"काढायला आधी अंगावर असायला नको?" फिरकीच्या मागून उत्तर आलं.

एकतीस वर्षांच्या संसारात मला या घरातल्या सोन्याचं वजन कळलेलं नाही, पण क्रम पाठ झालाय. आधी मंगळसूत्राच्या वाट्या सरळ करायच्या, मग पाटल्या, मग ठुशी, कान सगळ्यात शेवटी. मधेच कुकरची शिट्टी झाली किंवा मी काही शहाणपणाचं बोललो की क्रम चुकतो, आणि क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे सत्यनारायणाला येणारे गुरुजी घाईत असले तर दोन-चार उपचार अक्षतांवर भागवतात. हिच्या षोडशोपचारांत तशी सूट नाही.

पाटल्या माझ्या आईच्या. ठुशी भिशीची, हिचा नंबर लागला त्या महिन्यात मी स्कूटर बदलायची म्हणत होतो, ती अजून म्हणतोच आहे. मोत्याच्या कुड्या हिच्या शाळेतल्या पहिल्या पगाराच्या, आणि या कुड्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण माझं घर त्यांच्यावर चालतं. कानात साधे टॉप्स असले की हवामान निवळलेलं. झुबे म्हणजे माहेरचं कुणीतरी येणार. आणि घरात काही कारण नसताना कुड्या चढल्या, तर त्याचा अर्थ 'मी कुणाच्या जिवावर जगत नाही' असा होतो. कुड्या दिसल्या की मी भाजीला नावं ठेवत नाही, वाढेल तेवढं जेवतो आणि ताट स्वतः घासतो. वेधशाळेचा अंदाज एखाद वेळी चुकेल, हे कान आजवर चुकलेले नाहीत. त्या सकाळी कुड्या होत्या. आदल्या रात्री मी "एवढे दागिने कशाला?" असं विचारून बसलो होतो.

हल्ली दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक लागतो. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना सराफाला विकता येत नाही. आमच्या जुन्या दागिन्यांवर तो नंबर कुठून असणार! पण कुणी दिला, कबूल केल्यापेक्षा किती गुंजा कमी दिला आणि घडणावळीवरून कोण किती वर्षं रुसलं, ही नोंद प्रत्येकावर आहे आणि ती कुठल्याही सरकारी शिक्क्यापेक्षा खोल उमटलेली आहे.

या नोंदींचं चालतंबोलतं दफ्तर म्हणजे आमची आत्या. वय ऐंशी. माहेर वसईकडचं, त्यामुळे वज्रेश्वरी-गणेशपुरी ही तिची हक्काची देवस्थानं, आणि आमच्या या सहलीचं मूळही तीच. तिचे गुडघे दुखत होते, "कुंडात पाय सोडून बसले की बरं वाटेल" असं ती दिवाळीपासून म्हणत होती.

आत्याचं लग्न मे १९६३ मधलं. त्याच वर्षी जानेवारीत मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रणाचा आदेश काढला आणि चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. देशाचं परकीय चलन वाचावं, सोन्याची तस्करी थांबावी, असा उद्देश होता म्हणे. आत्याच्या लेखी उद्देश एकच: तिच्या लग्नात विघ्न आणणं. चौदा कॅरेटच्या पाटल्या घालून मुलगी मांडवात उभी करायची नाही, म्हणून माझ्या आजीने स्वतःच्या हातातल्या जुन्या पाटल्या काढून तिला दिल्या. आजी हाडापेराने दणकट, आत्या काडी. पाटल्या कोपरापर्यंत वर जायच्या आणि अक्षता टाकताना अक्षतांबरोबर निघायला बघायच्या. शेवटी मागे-पुढे काचेच्या बांगड्या दाटून भरल्या आणि पाटल्यांना मधे नजरकैदेत ठेवलं.

तेव्हापासून जगातल्या प्रत्येक कमअस्सल गोष्टीला आत्याचा एकच शब्द आहे. पातळ चहा चौदा कॅरेट. न शिजलेली डाळ चौदा कॅरेट. माझं लग्न ठरलं तेव्हा तिने हिला नीट न्याहाळून "मुलगी बावीस आहे" असा निकाल दिला, आणि मग माझ्याकडे बघून सुस्कारा टाकला.

आता एवढं सगळं दुसऱ्यांबद्दल लिहून झाल्यावर स्वतःचा हात पुढे करायला हवा. उजवाच करतो.

तर्जनीत पुष्कराज. सोन्यात, सव्वापाच रत्तीचा, गुरू बळकट व्हावा म्हणून. पाच रत्तीचा स्वस्त पडत होता, पण ज्योतिषी म्हणाले, ग्रहांना सव्वा लागतो. एवढा सूर्यमालेतला सर्वांत मोठा ग्रह, पण वरच्या पाव रत्तीवाचून त्याचं अडतं. मधल्या बोटात घोड्याच्या नालेची अंगठी, साडेसातीसाठी. साडेसाती संपून बराच काळ झाला, पण अंगठी काढली आणि काही झालं तर? अनामिकेत तांब्याची, ती शेजारच्या काकांनी रक्तदाबासाठी दिली. करंगळीत चांदीतला मोती, चंद्रासाठी, मन शांत राहावं म्हणून. तो हरवेल या काळजीने मी रात्री दोनदा उठून चाचपतो. चारही बोटं भरली. अंगठा तेवढा आधार कार्डाच्या यंत्रासाठी मोकळा ठेवलाय.

"हे दागिने नव्हेत," मी हिला सांगतो. "ही उपाययोजना आहे."

"बरं," ही म्हणते. त्या 'बरं'मध्ये एक अख्खी कुडी असते.

भाच्याने गाडी काढली. तो बी.एस्सी.ला आहे, रसायनशास्त्र घेऊन, आणि घरातल्या प्रत्येक फोडणीचं त्याच्याकडे समीकरण असतं. भिवंडी ओलांडून गोदामं आणि कंटेनरांच्या रांगा मागे टाकल्या, वाड्याच्या रस्त्याला लागलो आणि गाडी बोलायला लागली. म्हणजे गाडी नव्हे, हिच्या बांगड्या. लहान खड्डा: किण. मोठा खड्डा: खळ्ळ. अंबाडीपर्यंत मला रस्त्याकडे बघायची गरजच पडली नाही.

आधी वज्रेश्वरी. देवीची ओटी भरायची होती, आणि देवीसमोर बिननथीचं जायचं नाही म्हणून हिने देवळाच्या पायथ्याशी पर्समधून दाबाची नथ काढून नाकाला लावली. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत या देवीला नवस केला होता; १७३९ मध्ये वसई पडली आणि नवसाचं देऊळ उभं राहिलं, तेही किल्ल्यासारखं, तटबंदीचं. बावन्न पायऱ्या आत्या चार ठिकाणी टेकत चढली. प्रत्येक टेक्याला तिने मला सांगितलं की देवी मूळची इथली नव्हे, गुंज गावची. "गुंज म्हणजे वजन माहितीय ना? आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तुझ्या बोटात किती गुंजा आहेत रे?"

"रत्ती आहेत, आत्या."

"तेच ते. महाग करून सांगितलं की रत्ती म्हणतात."

वर चांदीच्या मुकुटातली, चांदीच्या दागिन्यांतली देवी लखलखत होती. चांदी अशी लखलखलेली मी त्या दिवशी शेवटचीच पाहिली.

गणेशपुरी तिथून दोन-एक किलोमीटर. भीमेश्वराच्या देवळापाशी कुंडं आहेत, पलीकडे तानसा नदी. पाणी जमिनीतूनच गरम येतं. कोकणच्या पट्टीत अशा गरम झऱ्यांची माळच आहे. इथे गणेशपुरी, अकलोली, वज्रेश्वरी, आणि खाली पार रत्नागिरीकडे उन्हवरे, तुरळ, राजवाडीपर्यंत. आत्याकडे याचं वेगळं कारण आहे: देवीने मारलेल्या राक्षसांचं हे रक्त, ते अजून निवलेलं नाही. वास मात्र दोन्ही कारणांना शोभेल असा येतो. न फुटलेल्या लवंगी फटाक्याची दारू हुंगावी तसा.

आता मुख्य प्रश्न आला. काढलेलं ठेवायचं कुठे?

कुंडाच्या काठी प्रत्येक कुटुंबाला हाच प्रश्न पडलेला असतो आणि उत्तरही एकच असतं: घरातलं सर्वांत वयस्क माणूस. आत्या कठड्यावर बसली, गरम पाण्याची एक बादली समोर ठेवून तिच्यात तिने पाय सोडले, पदर मांडीवर पसरला आणि म्हणाली, "टाका." पाटल्या, ठुशी, कुड्या, नथ, भाच्याची गळ्यातली साखळी, तीन मोबाइल. हिने काढण्याचाही क्रम पाळला, उलटा. मंगळसूत्र आणि जोडवी राहिली. ती काढायची नसतात.

मी नालेची अंगठी दिली, गंजेल म्हणून. मग पुष्कराजाला हात घातला. तो हलेना. तो घेतला तेव्हा माझं वजन चौसष्ट होतं, आता किती आहे ते सांगत नाही. मधल्या काळात गुरू बळकट झाला असावा आणि तो बोटातूनच झाला असावा. साबण लावला. कुणीतरी म्हणालं, दोरा गुंडाळा. दोरा गुंडाळला. बोट जांभळं झालं आणि दोराही सुटेना. "नेलकटरने कापा," एक गृहस्थ म्हणाले. दोरा की बोट, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही. शेवटी दोरा कापला आणि सोनंच आहे, काय होणार, म्हणून तसाच उतरलो. तांबं राहिलं, कारण रक्तदाब पाण्यातही असतो. आणि करंगळीतला मोती मी मुद्दाम ठेवला. चंद्र हा जलतत्त्वाचा ग्रह. पाण्याने त्याला काय होणार?

कुंडात उतरण्याची एक पद्धत आहे, ती सगळ्यांची सारखीच. आधी अंगठा बुडवायचा, "हाऽऽ" म्हणून काढायचा. मग आजूबाजूला बघून, आपल्याला काहीच झालं नाही असा चेहरा करून घोट्यापर्यंत. मग एक ऐंशी किलोचा मनुष्य शेजारून धाडकन आत पडतो आणि आपण न ठरवताच छातीपर्यंत भिजलेले असतो. पण दहा मिनिटांनी असं काही सैलावतं म्हणता! हाडं विरघळतात. मी डोळे मिटून चंद्राचे आभार मानत होतो, तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, करंगळी बघा."

अंगठी काळी झाली होती. तव्यासारखी. मधे मोती, तोही जरा आजारी दिसायला लागलेला. तांब्याची अंगठी शाळेतल्या शाईच्या दौतीच्या तळासारखी. पुष्कराज तेवढा साबणाने उजळून निघाला होता.

"हायड्रोजन सल्फाइड," भाचा प्रसन्न होऊन म्हणाला. "पाण्यात गंधक, चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर. घरी गेल्यावर ॲल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि कढत पाणी. पाच मिनिटांत पांढरी. मोती तेवढा आधी काढा."

एवढ्या मोठ्या घटनेला पाच मिनिटांचं उत्तर? फुकट मिळालेल्या ज्ञानावर माझा विश्वास बसत नाही. मी ओल्या अंगाने वर आलो, आत्याकडे न बघताच हात पुढे करून मोबाइल घेतला आणि ज्योतिष्यांना फोन लावला.

"काळी पडली?" पलीकडून आनंदाचा चीत्कार आला. "अहो, अभिनंदन! तुमच्यावरचा आघात तिने स्वतःवर घेतला. काय आलं असतं, कल्पना करवत नाही."

"मग आता?"

"आता तिचं काम संपलं. नवी करावी लागेल. या वेळी सव्वासात रत्ती घेऊ."

फोन ठेवला तेव्हा मी मोठ्या संकटातून वाचलेला माणूस होतो. बायकांच्या कुंडाकडून ही आली. तिची जोडवीही काळीठिक्कर. तिथे सोन्याने लवलेल्या एका आगरी मावशींनी तिचे पाय बघून कपाळाला हात लावला होता: "अगो, हितं येताना चांदी घरी ठेवाची असते!" मी हिला आघाताचं सांगितलं. हिने जोडव्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"माझ्या पायांवर एकतीस वर्षांपूर्वी आलेला आघात आज दिसायला लागला म्हणायचा," ती म्हणाली.

मग दागिने परत घ्यायला आम्ही आत्याकडे वळलो, आणि तिघेही थांबलो.

आत्याच्या पदरात काही नव्हतं. सगळं आत्यावर होतं. स्वतःच्या पाटल्यांपुढे हिच्या पाटल्या, गळ्यात ठुशी, ठुशीखाली भाच्याची साखळी, कानांत कुड्या, मधल्या बोटात माझी घोड्याची नाल. आणि नाकात नथ. पाय बादलीत, पाठ ताठ. मघाशी वर डोंगरावर पाहिली होती तिची कुणी थोरली बहीण खाली आंघोळीला येऊन बसावी तशी.

आत्याचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. नथ तिने त्या दिवसापासून हातात धरलेली मी पाहिली नव्हती.

"पदरातून घसरत होतं," आत्या म्हणाली. "राखायचं तर अंगावरच राखायला हवं. पूर्वी दरोडेखोरांच्या भयाने बायका असंच करायच्या."

असं कुठल्याच बायका करत नसत, उलट करत. पण कुणी काही बोललं नाही. आत्याने नथीकडे हात नेला तेव्हा ही पटकन म्हणाली, "राहू द्या आत्या. माझे हात ओले आहेत. घरी गेल्यावर बघू."

हात पुसून पाच मिनिटं झाली होती. हे मी बोलणार होतो, पण हिच्या कानांत कुड्या नसतानाही मला त्या दिसल्या.

तशीच ती समाधी मंदिरात आली. रांगेत बायकांच्या हातांत, गळ्यांत, कानांत मिळून एखाद्या पतपेढीचं तारण होईल एवढं सोनं, पुरुषांच्या बोटांत नऊच्या नऊ ग्रह, आणि हे सगळे ज्यांच्यापुढे वाकायला निघाले त्या भगवान नित्यानंदांच्या प्रत्येक तसबिरीत अंगावर एक लंगोटी. १९३६ च्या सुमारास ते इथे जंगलात येऊन राहिले, ८ ऑगस्ट १९६१ ला इथेच देह ठेवला. आत्याने त्यांना लहानपणी पाहिलंय, वडिलांच्या खांद्यावरून.

"मी बाबांना विचारलं होतं," नथ सावरत आत्या कुजबुजली, "यांना कपडे कुणी देत नाही का? बाबा म्हणाले, देतात पुष्कळ, तेच घेत नाहीत."

"कुंडात उतरताना बरं पडत असेल," भाचा म्हणाला. आत्याने त्याला पाटल्यांच्या हाताने एक चापट मारली. सोळा तोळ्यांची तरी असावी.

मी हात जोडले. जोडताना अंगठ्या एकमेकींवर आपटून टक असा आवाज आला, आणि पुढचा माणूस वळून बघायला लागला.

बाहेर दुकानांत रुद्राक्ष, स्फटिक, कडी, गंडे. मी बघत नव्हतो, पण पाय थांबले. "पाण्यात टाकून बघा साहेब, बुडला तर अस्सल," दुकानदार म्हणाला. त्याने टाकला, तो बुडला. "मामा, गोटीपण बुडते," भाचा म्हणाला. बरेचसे रुद्राक्ष इंडोनेशियातून येतात, हेही त्याला त्याच क्षणी आठवलं. मी पाचमुखी घेतला. चंद्राची जागा रिकामी ठेवून भिवंडीतून रात्रीचं जाणं मला बरं वाटेना.

परतीच्या वाटेवर अंधार होता. मी पुढच्या सीटवर करंगळीचा काळा आघात मोबाइलच्या उजेडात बघत होतो. खड्डा आला. किण. मोठा आला. खळ्ळ. आवाज या वेळी माझ्या मागच्या सीटवरून, आत्याच्या बाजूने येत होता. ती झोपली असेल म्हणून मी वळून पाहिलं. जागी होती. हात मुद्दाम सैल सोडून बसली होती.

कल्याणला दारात तिने एकेक दागिना काढून हिच्या हातावर ठेवला. क्रमाने. नथ शेवटी.

सोमवारी भाच्याचा फोन आला. त्याच्या मोबाइलमध्ये सव्वीस फोटो निघाले होते. आरसा नव्हता म्हणून आत्याने त्यात बघून नथ लावली होती आणि बघता बघता कुठलं तरी बटण दाबलं जात होतं. नऊ फोटोंत नुसतं आकाश, अकरांत कपाळ, पाचांत अंगठा. एक मात्र लागलाय. त्यात आत्या थेट आपल्याकडे बघते आहे आणि गालातल्या गालात हसते आहे.

तो त्याने तिला पाठवून दिला. तासाभराने तिचा मला फोन.

"तो फोटो मोठा करून आण. चांगली चौकट घाल, लाकडाची. प्लास्टिकची चौदा कॅरेट आणशील, ती नको."

"आणतो."

"आणि त्या फोटोवाल्याला विचार, बोटातली तुझी घोड्याची नाल तेवढी खोडता येते का."